स्वयंपाकघरातला बादशा

बैल स्वयंपाकघरात होता, त्याचं मुंडकं खिडकीतून बाहेर होतं आणि बँकेचे साहेब हातात बूट धरून दारात उभे होते.

“आजी,” साहेब म्हणाले, “घर पूर्ण झालंय का ते बघायला आलोय.”

“झालंय की!” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात बादशानं मागचा पाय झाडला आणि ओट्याचा उरलेला कडप्पा धाडकन खाली आला. साहेबांनी एकदा ओट्याकडे पाहिलं, एकदा बैलाच्या शेपटीकडे पाहिलं आणि फार सभ्यपणे विचारलं, “हा... कायम इथंच असतो का?”

हे असं का झालं ते सांगते. लांबण लावणार नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. लांबण लावायला त्याहून जास्त शिकावं लागतं.

आमचं गाव आळेफाट्याच्या अलीकडं, हमरस्त्यापासून जरा आत. मातीचं घर होतं, ते पाडून त्याच जागी सिमेंटचं बांधायला काढलं. कर्ज माझ्या मुलाच्या, संदीपच्या नावावर. तो चाकणला कंपनीत आहे. तिथं एका खोलीत तो, सून रोहिणी आणि नात आनू, असे तिघं भाड्यानं राहतात. इकडं मी आणि म्हातारा बांधकामाच्या शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये. म्हातारा म्हणजे माझा नवरा. त्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घ्यायचं वय गेलं, आणि नुसतं घ्यावं असं त्यानं काही केलेलं नाही.

बँक घराचं कर्ज एकदम देत नाही. सासूनं तूप वाढावं तसं देते. पाया झाला, घ्या थोडं. स्लॅब पडला, घ्या थोडं. शेवटचं वाढप घर पुरं झाल्यावर, तेसुद्धा साहेब डोळ्यांनी बघून गेले की मग. तोवर उचललेल्या पैशांवर नुसतं व्याज भरायचं. शेवटचे पैसे उचलले की मात्र पूर्ण हप्ता सुरू. तो भरत भरत माणूस म्हातारं होतं. (मी आधीच झालेली, म्हणून मला त्याची भीती नव्हती.)

गावच्या यात्रेला पोरं आली, तेव्हा हे कर्ज फेडायचं कसं यावर शेडपुढं बैठक बसली. संदीप खाटेवर मोबाईल घेऊन, रोहिणी त्याच्या शेजारी, म्हातारा उंबराखाली तंबाखू मळत.

रोहिणी सासऱ्याला म्हणाली, “मामा, नुसतं व्याज भरणं म्हणजे खोलीचं भाडं भरल्यासारखंच आहे. मुद्दल जागचं हलत नाही. पूर्ण हप्ता जितका लवकर सुरू होईल तितके लवकर सुटू.”

“अगं, पण चाकणचं भाडं आणि पूर्ण हप्ता, दोन्ही पगारात बसतंय का?” संदीप म्हणाला.

“नाहीच बसत. म्हणून तर म्हणते, जूनच्या आत घर पुरं करू आणि आपणच इकडं येऊ. तुमच्या कंपनीची बस नारायणगावपर्यंत येते. आनूला पहिलीत इथंच घालू. जे भाडं वाचेल ते हप्त्यात जाईल.”

मी चहा ढवळत होते. चहात साखर दुसऱ्यांदा पडली, एवढंच.

म्हाताऱ्यानं तंबाखूची फक्की मारली. “लई घाई करताय तुमी. मुद्दल म्हंजी मारका बैल. दाव्याला बांधल्याला हाय तवर बरा. घर अपुरं ठिवा! न्हाणीला दार लावू नका, पायरीला फरशी बसवू नका. घर पुरं न्हाई, तर हप्ता बी न्हाई. नुसतं याज भरा आन् गप बसा.”

“आणि मुद्दल कोण फेडणार, मामा?”

“बादशा हाय की!”

आता हा बादशा. गाड्याच्या शर्यतीचा बैल. आमच्या जुन्नर-आंबेगावात एखाद्या घरी पोरगं परीक्षेत पहिलं आलं तर शेजारी विचारतात, पेढे कुठायत? बैल घाटात पहिला आला तर गावभर मिरवणूक निघते. घाट म्हणजे शर्यतीची चढण. बैलजोडी सुटते तेव्हा सगळा घाट एका आवाजात ओरडतो, भिर्रर्र! की बैल जिवाच्या आकांतानं पळतात. जिंकणाऱ्याला मोटारसायकल, ट्रॅक्टर, काय काय मिळतं. आमच्या बादशानं आजवर आणलं काय? फेटे, आणि भिंतीवर लावायचा एक पंखा. तोसुद्धा भिंत नव्हती तेव्हा! आणि खायला? अंडी, दूध, खारीक, उडदाचं पीठ. त्याच्या खुराकात बँकेचा एक साहेब पोसला असता.

“माझं ऐका,” मी म्हणाले. “बैल विका आन् येईल ती रक्कम एकदम भरा. हप्ता निम्म्यावर येतोय.”

म्हातारा उठला आणि गोठ्यात गेला. त्या वेळी तो जेवला नाही. बैल जेवला.

शेवटी रोहिणीचं म्हणणं ठरलं. जूनच्या आत घर पुरं, मग पोरं इकडं. जाताना आनूनं माझा पदर ओढून विचारलं, “आज्जी, नव्या घरात ओटा असणार ना? मी ओट्यावर बसणार. तू भाकरी कर, मी बसून बघणार.”

“बसायला ओटा नसतोय,” मी म्हणाले. “खाली बसायचं.”

आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याला म्हणाले, “ओटा वीतभर खाली घे.”

“काकू, लई बुटका व्हतोय. कमरंतनं मोडचाल.”

“माझं गुडघं वर येत न्हाईत.”

“गुडघ्याचा काय संबंध, काकू?”

“तुला पैसं ओट्याचं मिळत्यात का संबंधाचं?”

त्यानं ओटा वीतभर खाली घेतला. बरोबर उंचीचा झाला. कोणाच्या बरोबर, ते मी त्याला सांगायला बांधील नव्हते.

पुढचे महिने त्या घरात दोन ठेकेदार होते. एक मी, घर पुरं करणारी. दुसरा म्हातारा, घर अपुरं ठेवणारा. मी नळ आणवले, त्यानं ते कडब्याच्या गंजीत लपवले. मी न्हाणीचं दार आणवलं, त्यानं त्यावर कुरडया वाळत घातल्या! (आयुष्यात पहिल्यांदा त्यानं घरकामात मदत केली ती ही.) रंगारी बोलावला, तर म्हाताऱ्यानं त्याला बादशाची शिंगं रंगवायला बसवलं. शिंगं फार सुंदर झाली. हॉलची एक भिंत राहिली.

तरीपण मे महिना सरायच्या आत सगळं झालं. मोरीचा एक नळ तेवढा गंजीत सापडायचा होता आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला गज यायचे होते. ते येणार होते त्याच दिवशी दुपारी, आणि साहेब सकाळी. म्हटलं, साहेबांना खिडकीपुढं पडदा दिसेल. मी सगळं घर पुसून घेतलं, दाराला आंब्याचं तोरण बांधलं, ओट्यावर नवं पोळपाट-लाटणं मांडलं आणि अंघोळीला शेडमध्ये गेले. एवढीच चूक.

परत येऊन बघते तर हॉलच्या मधोमध बादशा! रंगवलेली शिंगं, गळ्यात घुंगूरमाळ, दावं खिडकीच्या चौकटीला. समोर वैरणीची पाटी. माझ्या पुसलेल्या फरशीवर त्यानं जे करायचं ते केलेलंच होतं.

“अहो! हा बैल आत कुणी आणला?”

म्हातारा टोपी घालून निघालाच होता. “भायेर ऊन लई हाय. जनावराला लागतं.”

“मला काय कळत न्हाई व्हय? साहेबानं गोठा समजावा म्हणून बांधलाय तुम्ही!”

“तू हुशार हायेस,” म्हातारा म्हणाला, “पर बैल तुझ्याच्यानं हलायचा न्हाई.” आणि साहेबांना फाट्यावर चहा पाजायला निघून गेला. चहा पाजायचा म्हणजे वेळ काढायचा. मला माहीत होतं. पण चहा तो किती वेळ पाजणार? त्याच्या खिशात एका कपाचेच पैसे असतात.

मी दावं सोडलं. ओढलं. बादशानं माझ्याकडे बघितलं, तिथंच कान हलवला आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं. ढकललं. चुचकारलं. शिव्या दिल्या. त्याच्या आईला दिल्या, ती गाय फार गरीब होती, तिची मी आता माफी मागते. बैल ढिम्म. आणि बांधावर मला म्हाताऱ्याची टोपी दिसली. त्याच्या मागं पांढरा शर्ट. साहेब!

त्या शर्टाबरोबर मला जून दिसला. आनूचं दप्तर दिसलं. आणि मी डोळे मिटून, अख्खा घाट ओरडतो तशी ओरडले,

“भिर्रर्रर्रर्र!”

आता एक गोष्ट. आमच्याकडे माझ्या वयाच्या बायका घाटात जात नाहीत. शर्यत मी उभ्या जन्मात डोळ्यांनी बघितलेली नाही, घरी भाकऱ्या थापताना कर्ण्यावर ऐकलेली. घाटात जाणारं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, की बैल सुटण्याआधी त्याचं तोंड जिकडं पळवायचं तिकडं करावं लागतं. बैल वळत नसतो. नाकासमोर पळतो.

आणि बादशाच्या नाकासमोर दार नव्हतं. स्वयंपाकघर होतं.

जन्मात पळाला नसेल असा पळाला! हॉल ओलांडला, स्वयंपाकघराच्या चौकटीतून गोळीसारखा आत गेला, वीतभर खाली घेतलेल्या ओट्यावर पुढचे दोन पाय टाकले (नेहमीच्या उंचीचा असता तर चढला नसता, असं गवंडी अजून सांगत फिरतो) आणि पडद्यासकट खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. शिंगं गेली ती गेली, मागं येईनात. ओटा अर्धा बसला. पोळपाट मोरीत गेला. लाटणं अजून सापडलेलं नाही.

म्हणून साहेबांनी विचारलं, हा कायम इथंच असतो का?

“न्हाई हो साहेब,” म्हातारा आनंदानं म्हणाला, “म्हंजी, सध्या असतोय. घर अजून अपुरंच हाय ना आमचं!”

“अपुरं न्हाई!” मी ओरडले. “बैल तेवढा काढला की पुरं!”

“मग काढ.”

काढायला तिघं लागलो. म्हातारा आधी बाहेरून खिडकीशी जाऊन बादशाचं कपाळ खाजवत बसला आणि त्याला “शाब्बास माझ्या वाघा, काय पळाला!” म्हणाला. आतून मी, वेसण हाताला येईना म्हणून शेपूट धरून मागं ओढत होते. साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. साहेब म्हणजे कालचा पोरगा, घोडेगावकडचा निघाला, त्याच्या मामाकडं बैल होते.

“आजी, ओढू नका,” ते म्हणाले. “गाड्याच्या बैलाला मागं यायचं शिकवलेलंच नसतं. ह्याला पुढंच काढावं लागेल.”

“पुढं भिंत हाय.”

“हो,” साहेब म्हणाले. “तेच म्हणतोय.”

म्हातारा आत येऊन पहार घेऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडावर मी लग्नाच्या दिवशीही न पाहिलेलं तेज होतं. आम्ही खिडकीखालची भिंत फोडली. विटा एकेक करून खाली. मी विटा उचलत होते, साहेब बादशाच्या मानेखाली गोणपाट धरत होते, म्हातारा घाव घालत होता. शेवटची वीट निघाली आणि बादशा ओट्याच्या ढिगाऱ्यावरून शांतपणे बाहेर गेला, परसात थांबला आणि माझी कोथिंबीर खाऊ लागला.

साहेबांनी हात धुतले. (नळ नव्हता, तो गंजीत. घागरीच्या पाण्यानं धुतले.) मग बँकेसाठी फोटो काढले. पहिला फोटो त्यांनी आल्याआल्याच काढून ठेवला होता. त्यामुळे बँकेच्या कॉम्प्युटरात आमच्या स्वयंपाकघराचा म्हणून जो फोटो आहे, त्यात बैलाची मागची बाजू आहे.

“साहेब, पुरं झालं असं लिवा की,” मी म्हणाले. “माझी नात यायचीय जूनला.”

मला विनवण्या जमत नाहीत. दगड मारल्यासारखी झाली ती विनवणी. साहेब पायांत बूट घालता घालता थांबले.

“आजी, ओटा नाही, एक भिंत नाही. मी कसं लिहू? काम बाकी लिहावं लागेल. दुरुस्त करा, मी पुन्हा येतो.”

म्हाताऱ्यानं तीन महिने खपून जे जमवलं नव्हतं, ते मी एका आरोळीत जमवलं. घर अपुरं!

दुपारी फोन आला. संदीप आधी हसला आणि मग हसायचा थांबला. रोहिणी म्हणाली, “आत्या, तुम्हाला लागलं तर नाही ना?” मग जरा थांबून, “मग जूनचं आता काही खरं नाही. इथल्या शाळेचं बघावं लागेल.”

“बघ की,” मी म्हणाले. “शाळा काय, सगळीकडं सारखीच.”

फोन ठेवला आणि फोडलेल्या भिंतीतून शेताकडं बघत बसले. म्हातारा येऊन शेजारी टेकला. मी म्हटलं, आता हा हसला तर पहार जवळच आहे.

तो हसला नाही. म्हणाला, “एक सांगू? घर अपुरं हाय तवर पोरं येतो येतो म्हणत्यात. पुरं झालं आन् आलीच न्हाईत, तर मग काय करशील? तवा कशावर ढकलशील?”

“म्हणून नळ लपवलं व्हतं व्हय तुम्ही?”

“न्हाई,” म्हातारा म्हणाला. “त्ये हप्त्यासाठीच.”

खोटं बोलताना तो टोपी काढून पुन्हा घालतो. घातली.

भिंत आणि ओटा पुन्हा उभे राहीपर्यंत दिवाळी आली. तेच साहेब आले, “पूर्ण” लिहून गेले, शेवटचे पैसे निघाले आणि पूर्ण हप्ता सुरू झाला. आनू तिकडं पहिलीत बसलेली, मग खोली कशी सोडणार? म्हणजे भाडंही चालू, हप्ताही चालू. वर्षभराचं नुसतं व्याज गेलं ते वेगळं. रोहिणीचा, म्हाताऱ्याचा आणि माझा, तिघांच्या तीन मार्गांत जे जे वाईट होतं तेवढं नेमकं वेचून आम्ही कर्ज फेडायला लागलो. संदीप जादा पाळ्या करू लागला. येणं आणखी कमी झालं.

राहिला माझा मार्ग. बैल विका!

आणि गिऱ्हाईक चालून आलं. भिंत फोडून निघालेला बैल म्हणून बादशाचं नाव पार खेडपर्यंत गेलं होतं. (भिंत आम्ही फोडली, हे कोणी सांगत नाही.) गळ्यात साखळ्या घातलेला एक मालक गाडी घेऊन दारात आला. रक्कम बोलला ती ऐकून मी खाली बसले. हप्ता निम्म्याच्याही खाली आला असता.

म्हातारा बराच वेळ बादशाच्या पाठीवरून हात फिरवत उभा होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “देऊन टाकू. पोराच्या जादा पाळ्या तरी सुटतील. तुझंच म्हणणं व्हतं.”

माझंच होतं. पण मधल्या काळात एक झालं होतं. आनू रोज शाळेतून आली की फोन करायची. तोंड दिसणारा फोन. पहिलं वाक्य ठरलेलं, “आज्जी, बादशा दाखव.” मी फोन धरून गोठ्यात जायची. बादशा कान हलवायचा, ती तिकडं खिदळायची. मग मी फोन माझ्याकडं फिरवायची, तर म्हणायची, “दिसलीस दिसलीस. आता परत बादशा.” फोन चालायचा तो सगळा बैलाच्या जिवावर. बैल गेला तर फोन कशाला करेल ती? माझ्या शिंगांना रंग नाही.

“मालक,” मी त्या साखळीवाल्याला म्हणाले, “न्या. पर नंतर मला बोल लावू नका. ह्यो घरात शिरतो.”

“असू द्या, मावशे. गोठा पक्का हाय आपला.”

“मारतो.”

“गाड्याचा बैल मारायचाच.”

“आन् डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई त्याला. न्हाईतर स्वयंपाकघरात कशाला गेला असता?”

मालकानं बादशाच्या डाव्या डोळ्यापुढं हात हलवला. बादशा त्या वेळी वैरण खात होता. वैरण खाताना त्याच्यापुढं वीज पडली तरी तो बघत नाही. गाडी रिकामी परत गेली.

म्हातारा धुरळा बसेपर्यंत गाडीच्या वाटेकडं बघत राहिला. मग म्हणाला, “डोळं तर दोन्ही चांगलं हायती त्याचं.”

“मग माझा आसंल अधू,” मी म्हणाले आणि अंडी फोडायला घेतली. बैलाच्या खुराकाची वेळ झाली होती.

घर आता छान झालंय. जो येतो तो म्हणतो, काकू, ओटा लई बुटका झाला. दुसऱ्यांदासुद्धा मी तो वीतभर खालीच घ्यायला लावला. भाकरी थापताना कंबर धरते. पोळपाट एका कडेला ठेवते, बाकीची जागा मोकळी ठेवते, पुसून.

त्या दिवशी त्या स्वयंपाकघरातून धड बाहेर पडलो ते मी, म्हातारा आणि बादशा. साहेबही होते, पण त्यांची बदली झाली. आज त्या घरी राहतो ते आम्हीच तिघं. आणि तिघांत बाजारात किंमत येईल असा एकटा बादशा आहे, तोही मी एका डोळ्यानं आंधळा करून ठेवलाय.